ॲम्पवर पाळत ठेवणारे डबे: आठ महिने वापरल्यानंतर

कोल्हापुरात शिवाजी पेठेपासून दुधाळीपर्यंत माझी केबल टीव्हीची लाईन आहे, साडेसहाशे कनेक्शन. पाडव्याला सहा ॲम्प्लिफायरांवर, म्हणजे वाटेत सिग्नल वाढवणाऱ्या ॲम्पवर, सिमकार्डवाले मॉनिटरिंगचे डबे बसवले. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढं तक्रारीही आहेत. डबा ॲम्पच्या टेस्ट पॉइंटवर सिग्नलची पातळी मोजतो, पॉवर सप्लायचा व्होल्टेज आणि आतलं तापमान बघतो, आणि दर दहा मिनिटांनी आकडे मोबाईलवर पाठवतो.

पहिला महिना डोक्याला ताप. रोज दुपारी दोनच्या सुमाराला शेवटच्या ॲम्पचा अलार्म वाजायचा. आमचा पोरगा शिडी घेऊन संध्याकाळी तिथं पोचायचा, तोवर ऊन कललेलं आणि मीटरवर सगळं ठीक. आठवड्यानं माझी ट्यूब पेटली. केबल तापली की सिग्नल जास्त खाते, एका अंशाला साधारण ०.२ टक्के. दोन ॲम्पमधल्या केबलीत ३० डीबी (डेसिबल, सिग्नल मोजायचं माप) जात असतील, तर पहाटेपेक्षा २० अंशांनी तापल्यावर आणखी सव्वा डीबी जातो. असे तीन टप्पे झाले की साडेतीन. आणि कंपनीनं अलार्म लावून दिलेला दोन डीबीवर! तो पाचवर नेला, तेव्हा कुठं पोरगा दुपारचा निवांत जेवायला लागला.

पैसे वसूल झाले मे महिन्यात. ॲनालॉगच्या काळात सिग्नल पडायला लागला की पडद्यावर मुंग्या यायच्या, गिऱ्हाईक आठवडाभर आधीच ओरडायचं. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत चित्र स्वच्छ, मग चौकोन, मग काळा पडदा. निवृत्ती चौकाजवळच्या ॲम्पचा २४ व्होल्टचा सप्लाय तीन आठवडे थोडा थोडा उतरत होता आणि एका घरातून फोन नव्हता. २१ वर आल्यावर ॲम्प उघडला, तर आत कपॅसिटर फुगून बसलेला. रात्री अकराला, मॅच संपल्यावर, सप्लाय बदलला. कुणाला पत्ता लागला नाही.

जुलैत मात्र याच डब्यानं तोंडघशी पाडलं. दुधाळीच्या टोकाला एका काकूंकडं चौकोन पडत होते. ॲपवर सगळं हिरवं, म्हणून मी खुशाल सेट टॉप बदलून आलो. दुसऱ्या दिवशी परत फोन: "बाळा, सेट टॉप झाला, आता टीव्ही बी बदलायला सांगतोस काय?" तोवर शेजारची तीन घरंही ओरडू लागली. मीटर घेऊन गेलो. पातळी ६२, झकास. एमईआर, म्हणजे सिग्नल नॉइजपेक्षा किती स्वच्छ आहे त्याचं माप, २४. तिथं ३० तरी पाहिजे.

दोष ॲम्पमध्ये नव्हताच. पावसात झाडाची फांदी फायबरवर पडून तो नोडच्या तोंडाशी दुमडला होता. नोड म्हणजे फायबरमधल्या उजेडाचा केबलचा सिग्नल करून ॲम्पांकडं पाठवणारी पेटी. नोडमध्ये ऑटोमॅटिक गेन असतो. फायबरमधून उजेड कमी आला तरी तो आउटपुट ओढून पहिल्याइतकंच ठेवतो, पण सोबत नॉइजही वर येतो. पुढच्या ॲम्पांत त्यात भर पडत जाते, म्हणून आधी टोकाची घरं मार खातात. आमचा डबा फक्त पातळी मोजतो. आवाज मोठा आहे एवढं त्याला कळतं, शब्द कळतायत का ते नाही. विकताना हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुसरी तक्रार विजेची. डबा ॲम्पच्याच सप्लायवर चालतो, त्यामुळं लाईट गेली की तोही मुकाट. "मेसेज थांबला म्हणजे वीज गेली असं समजा," असं कंपनीचा माणूस म्हणाला. पण नेटवर्क गेलं तरी मेसेज थांबतोच की. शेवटी प्रत्येकात छोटी बॅटरी स्वतः बसवली. सहा सिमांचं रिचार्ज वेगळंच.

दुधाळीतला खालचा ॲम्प पावसाळ्यात डब्याच्या भरवशावर ठेवत नाही. २०१९ च्या महापुरात दोन ॲम्प पाण्याखाली गेले होते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की मी तो खांबावरून उतरवून घरी आणतो.

आणखी दोन डबे मागवलेत, दोन्ही लाईनच्या टोकाला. नोडसाठी एमईआर मोजणारा मिळेपर्यंत मीटर आणि शिडीच. काकूंचा जुना सेट टॉप परत लावून दिलाय, तो चांगलाच होता.