विम्याची सक्ती की मर्जी?
२००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत हिलरी क्लिंटन म्हणत होत्या, आरोग्य विमा प्रत्येक अमेरिकनाला सक्तीचा हवा. त्यांचे प्रतिस्पर्धी ओबामा यांना सक्ती फक्त मुलांपुरती मान्य होती. मोठी माणसं विमा स्वस्त झाला की आपणहून घेतील, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला हेच गोड. पण आजारी माणसाला नाकारायचं नाही असं कंपन्यांना बजावलं, की धडधाकट लोक आजारी पडेपर्यंत थांबणार आणि उरलेल्यांचा हप्ता चढत जाणार. माझ्या मते गणित क्लिंटन यांचंच पक्कं होतं. गंमत म्हणजे २०१० च्या आरोग्य विमा कायद्यात ओबामांनीच सक्ती आणली! २०१६ मध्ये विमा न घेतल्याचा दंड प्रौढामागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते. २०१९ पासून तो शून्य. तरी विम्याचा बाजार कोसळला नाही, तो बहुधा सरकारी अनुदानामुळे.