शिजवलेले कडधान्य: वाटीने मोजावे की काट्यावर?

नागपुरात घरगुती डब्यांचे काम सुरू करणाऱ्याला, किंवा घरातील मधुमेही माणसाला मोजून वाढणाऱ्याला, उसळ वाटीने वाढावी की वजनाने, हे एकदा ठरवावेच लागते. वाटी हाताशी असते आणि झटपट चालते. काटा मात्र दर वेळी पुसावा लागतो, त्यावर भांडे ठेवून शून्य करावा लागतो आणि घाईच्या वेळी तो अडचणच वाटतो. तरीही वाटीवर कितपत विसंबावे, हे त्या वाटीत कोणते कडधान्य आहे यावर अवलंबून असते.

कोरडे असताना फारसा फरक नसतो. २४० मिलीच्या प्रमाण कपात कोरडे हरभरे सुमारे २०० ग्रॅम आणि कोरडे मूग सुमारे २०७ ग्रॅम मावतात. शिजवून पाणी निथळल्यावर मात्र त्याच कपात हरभरे १६४, चवळी (आपली बरबटी) १७१, राजमा १७७, अख्खा मसूर १९८ आणि मूग २०२ ग्रॅम भरतात. टपोऱ्या, टणक दाण्यांमध्ये पोकळी राहते, तर मूग-मसूर मऊ होऊन एकमेकांवर दबतात, हे त्याचे मुख्य कारण. घरातील १५० मिलीच्या वाटीचा हिशेब केला, तर सपाट वाटीभर हरभरे साधारण १०२ ग्रॅम आणि मूग १२६ ग्रॅम होतात. म्हणजे ‘एक वाटी उसळ’ या एकाच शब्दात जवळपास पाव भागाचा फरक दडलेला असतो. वाटी शिगोशीग भरली, तर हे आकडेही गैरलागू ठरतात.

पोषणाचा हिशेब करणाऱ्याने तर काटाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, पण १०० ग्रॅम शिजवलेल्या हरभऱ्यात ती ९ ग्रॅमच्या आसपास असतात, कारण शिजताना दाणा पाणी पिऊन सव्वादोन पटींहून अधिक जड होतो. मूग आणि मसूर तर तिपटीच्या घरात जातात. कोरड्याचा आकडा शिजवलेल्याला लावण्याची चूक फार जण करतात, आणि तीत वाटीचा काहीच दोष नसतो.

वाढण्यासाठी मात्र वाटीच बरी. रोज तीच वाटी आणि तेच कडधान्य असेल, तर एकदा पाच वाट्या तोलून सरासरी काढावी. पुढे काट्याची गरज पडत नाही.

तर्री आणि वरण यांना वरचे कोणतेच आकडे लागू पडत नाहीत, कारण तिथे रस्सा किती हे करणाऱ्याच्या हातावर असते. पोह्यांवर डावभर तर्री घातली, तर त्यात चणे किती आले हे ना डाव सांगतो, ना काटा. अशा वेळी कोरडा माल तोलावा: दहा माणसांसाठी ५०० ग्रॅम तुरीची डाळ लावली, तर तयार वरणाचे एकूण वजन दहाने भागावे, म्हणजे पाणी कितीही घातले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ५० ग्रॅम डाळ येते. त्यासाठी रिकाम्या गंजाचे वजन आधीच करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावे, कारण उकळते वरण दुसऱ्या भांड्यात ओतून गंज तोलायला वेळ कोणाजवळच नसतो.