संग्रहातली वाइन विकायची आहे: ऑनलाइन लिलाव, मोठं लिलावगृह, एक्स्चेंज की थेट व्यापारी?

वाइनच्या संग्रहातला काही भाग विकायचं ठरलं की बहुतेक जण आधी कमिशनचे दर गोळा करायला लागतात. दर बघायला हवेतच, पण निर्णय त्यांच्यावर अडलेला नसतो. तुमच्याकडे नेमकं काय आहे, ते आजवर कुठे ठेवलं होतं आणि त्याचे कागद आहेत का, यावर तो ठरतो. सगळ्या बाटल्या एकाच दाराने बाहेर पडाव्यात असाही काही नियम नाही. उलट सगळा माल एकगठ्ठा एकाच ठिकाणी देऊन मोकळं होणं हेच सहसा महागात पडतं.

मार्ग ढोबळमानाने चार. मुदतीचा ऑनलाइन लिलाव, मोठ्या लिलावगृहाचा कॅटलॉग काढून केलेला दालनातला लिलाव, साठवणूक करणाऱ्या व्यापाऱ्याचं एक्स्चेंज (म्हणजे मालकाने आपला भाव लावून माल विक्रीला मांडायची जागा), आणि व्यापाऱ्याला सरळ विक्री. परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्याला दारू विकणं अनेक देशांत बेकायदा आहे, त्यामुळे ओळखीतल्या शौकिनाला परस्पर विकण्याचा पाचवा मार्ग इथे धरलेला नाही.

हातात किती पडतं

समजा एका लॉटसाठी, म्हणजे एकत्र विकायला काढलेल्या एक किंवा अनेक बाटल्यांसाठी, घेणारा एकूण १,००० द्यायला तयार आहे, चलन कुठलंही धरा. हातोडा पडलेल्या रकमेवर २५ टक्के खरेदीदार शुल्क लागणार हे त्याला माहीत असतं, म्हणून तो बोली ८०० वर थांबवतो. त्यातून तुमचं १० टक्के विक्री कमिशन गेलं की उरतात ७२०. पुढे वाहतूक, विमा आणि काही ठिकाणी लॉटमागे वेगळी आकारणी. म्हणजे खरेदीदाराच्या नावावर टाकलेलं शुल्कही अखेर तुमच्याच भावातून जातं. ‘विक्रेत्याकडून शून्य कमिशन’ ही जाहिरात वाचताना हे लक्षात ठेवावं. शून्य कमिशन आणि २५ टक्के खरेदीदार शुल्क असेल तर हातात ८०० येतात. कमिशन १० टक्के पण खरेदीदार शुल्क १० टक्केच असेल, तर हातात साधारण ८१८ येतात. बोली लावणारे दोन्हीकडे तेच असतील तर दुसरा सौदा चांगला.

एक्स्चेंजवर हेच गणित सोपं दिसतं. १,००० ला विक्रीला लावलं, १० टक्के कापले, ९०० आले. मात्र हे विकलं गेलं तर. आणि व्यापारी ७०० रोख देत असेल, तर लिलावाच्या ७२० पेक्षा ते फक्त २० ने कमी आहेत, वाट पाहणं नाही आणि धोकाही नाही. लिलाव खरा फायद्याचा कधी ठरतो? घेणारा १,००० वर थांबत नाही तेव्हा. एकाच बाटलीवर दोघांचा जीव जडला की भाव कुठवर जाईल याला धरबंध राहत नाही. अशी चुरस तुमच्या मालावर होण्याजोगी आहे का, हे आधी तपासायचं.

ऑनलाइन की दालन

ही सीमारेषा आता बरीच पुसट झाली आहे. अमेरिकेतलं वाइनबिड १९९६ पासून आणि पॅरिसचं आयडीलवाइन २००० पासून ऑनलाइन लिलाव करत आहे. १७६६ पासून लिलाव करणारं क्रिस्टीज आणि सदबीज ही मोठी लिलावगृहंसुद्धा आज वाइनचे कितीतरी लिलाव फक्त ऑनलाइन घेतात. त्यामुळे विचारायचं ते एवढंच: तुमचा लॉट कोणासमोर जाणार, आणि किती लॉटांच्या गर्दीत.

मोठी लिलावगृहं किमान एकूण मूल्याची अट घालतात. त्याखालचा संग्रह नाकारतात, किंवा घेतला तरी तो कॅटलॉगच्या शेपटीला जातो. सुट्या बाटल्यांची तिथे मोट बांधली जाते: चांगल्या दोन बाटल्यांबरोबर साधारण चार. असा मिश्र लॉट घेणारा फक्त त्या दोघींचे पैसे देतो आणि बाकीच्या फुकटात नेतो, कारण त्या त्याला नकोच असतात. ऑनलाइन मंचावर एकेक बाटली स्वतंत्र लॉट होऊ शकते, आणि सुटे नग बरेच असलेल्या संग्रहाला याचा मोठा फायदा होतो. वर्षानुवर्षं दोन-दोन, तीन-तीन बाटल्या घेत आलेल्या माणसाने मला विचारलं तर मी दालनाचं नावही काढणार नाही.

ऑनलाइनमध्ये लिलाव बंद कसा होतो ते मात्र आधी विचारून घ्या. काही मंचांवर शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढते. तिथे ज्याला खरंच हवंय त्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो. घड्याळ ताठ असेल तर शेवटच्या क्षणी बोली टाकून निसटणारे असतात आणि भाव चढायच्या आधीच दार बंद होतं. विक्रेत्याच्या बाजूने बघता मुदत वाढणारा मंचच बरा.

राखीव किमतीबद्दल, म्हणजे जिच्याखाली लॉट विकायचा नाही त्या आकड्याबद्दल, माझं मत अनेकांना पटत नाही. ती कमी ठेवावी. मोठी घरंही त्यांनी छापलेल्या भावाच्या अंदाजातल्या खालच्या आकड्यापेक्षा वर राखीव किंमत सहसा ठेवू देत नाहीत, आणि ते रास्त आहे. खालून सुरू झालेल्या लॉटवर पाच जण येतात, वरून सुरू झालेल्यावर एखादाच. शिवाय न विकला गेलेला लॉट सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि तीच बाटली पुन्हा आली की घेणारे आणखी खाली बघतात. याला अपवाद एकच: गिऱ्हाईकंच मुळात दोन-तीन असतील अशी दुर्मीळ बाटली. त्यातला एकजण त्या आठवड्यात प्रवासात असला तर ती मातीमोल जाऊ शकते, म्हणून तिथे राखीव किंमत हवीच.

बाटली कुठे होती

ऑनलाइन घेणाऱ्याला बाटली हातात धरता येत नाही. तो फोटो बघतो आणि पूर्वेतिहास वाचतो. या पूर्वेतिहासाची किंमत किती असते त्याचं टोकाचं उदाहरण ऑक्टोबर २०१८ मधलं आहे. सदबीजच्या न्यूयॉर्कमधल्या लिलावात १९४५ च्या रोमाने-काँती या फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या वाइनची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. वरचा अंदाज होता ३२,००० डॉलर. वेली उपटून नव्याने लावण्यापूर्वीचं ते शेवटचं पीक आणि बाटल्या झाल्या होत्या जेमतेम ६००, हे खरंच. पण ती बाटली बर्गंडीतले वाइन व्यापारी रॉबेर द्रुएँ यांच्या खासगी तळघरातून थेट आली होती. मधल्या काळात ती कुणाच्या हाती होती, ही शंकाच उरली नव्हती.

शंका का घेतात? बनावट जुनी वाइन विकणाऱ्या रूडी कुर्नियावानमुळे. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याने दिलेल्या क्लो सँ-दनी या बर्गंडी वाइनच्या जुन्या बाटल्या होत्या, त्यातल्या काहींवर थेट १९४५ साल. ज्यांच्या घराण्याचं लेबल त्या बाटल्यांवर होतं ते निर्माते लोराँ पोन्सो यांनी सांगितलं की त्यांच्या घराण्याने ही वाइन १९८० च्या दशकापर्यंत काढलीच नव्हती. लॉट मागे घेतले गेले, २०१३ मध्ये कुर्नियावान दोषी ठरला आणि २०१४ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर प्रामाणिक संग्राहकालाही पावती विचारली जाते. यात राग मानण्यासारखं काही नाही.

तेव्हा मूळ पावत्या, साठवणुकीची बिलं, आणि मिळाली तर मूळ लाकडी पेटी. न उघडलेल्या पेटीतल्या १२ बाटल्यांना सुट्या १२ पेक्षा सहसा जास्त भाव येतो, त्यामुळे ‘आत काय आहे बघू’ म्हणून पेटी उघडण्याआधी मंचाला विचारा. घरात ठेवलेल्या बाटल्यांसाठी तापमान १२ ते १४ अंशांच्या आसपास आणि स्थिर होतं हे दाखवता आलं तर उत्तम. स्वयंपाकघराशेजारच्या कपाटात होत्या, तर तसंच सांगा आणि अपेक्षा खाली आणा.

फोटोंत द्रवाची पातळी, बुचावरचं आवरण आणि लेबल स्पष्ट दिसायला हवं. फ्रान्सच्याच बोर्दो भागातल्या वाइनच्या बाटलीला ठळक खांदे असतात, म्हणून पातळी ‘मानेत’, ‘खांद्याच्या वर’, ‘खांद्याच्या मध्यावर’ अशी नोंदतात. बर्गंडीचे खांदे उतरते, तिथे बुचापासून किती सेंटिमीटर खाली ते मोजतात. चाळीस वर्षांच्या बोर्दोची पातळी खांद्याच्या वरच्या भागात असणं चालतं, पण दहा वर्षांच्या बाटलीत तीच पातळी दिसली की घेणारा ती सोडून दुसऱ्या लॉटकडे वळतो. डागाळलेलं लेबल लपवू नका. फोटोत दाखवलेला दोष घेणारा भावात धरतो, आणि पोचल्यावर सापडलेला दोष परताव्याचा वाद होऊन येतो.

एक्स्चेंज कोणासाठी

इथे मुख्य अट साठवणुकीची. उदाहरणार्थ, बेरी ब्रदर्स अँड रड या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्यांच्या बीबीएक्स या एक्स्चेंजवर त्यांच्याच गोदामातला माल विकता येतो. २००० मध्ये लंडनला सुरू झालेलं लिव्ह-एक्स तर व्यापाऱ्यांपुरतंच आहे, खासगी माणसाला तिथे व्यापाऱ्यामार्फतच जावं लागतं. तुमचा माल बाँडेड गोदामात, म्हणजे सरकारी शुल्क आणि कर न भरता माल ठेवता येतो अशा गोदामात, पहिल्यापासून पडून असेल, पेट्या अखंड असतील आणि साल अलीकडचं असेल, तर एक्स्चेंजसारखं सोयीचं दुसरं काही नाही. बाटली जागची हलतच नाही, फक्त मालक बदलतो. एकदा घरी आणलेल्या बाटलीला मात्र हे दार जवळजवळ बंदच.

अडचण घसरत्या बाजारात येते. लिव्ह-एक्सचा फाइन वाइन १०० निर्देशांक २०२२ च्या शरदात शिखरावर होता, पुढची दोन वर्षं तो उतरत गेला. त्या काळात ज्यांनी जुना भाव धरून ठेवला त्यांच्या पेट्या महिनोन्महिने तशाच लागून राहिल्या आणि साठवणुकीचं भाडं चालूच राहिलं. लिलाव निदान निकाल तरी लावतो.

थेट व्यापारी

घाई असेल, वारसाहक्काने आलेला संग्रह वाटून घ्यायचा असेल, किंवा मालाची पारख करायला घरात कोणी नसेल, तर हा मार्ग कमी लेखू नये. फक्त भाव सगळ्याचा मिळून मागा. नाहीतर व्यापारी बोर्दोच्या लाफित, लातूर या नामांकित वाइन आणि दोन-चार शॅम्पेन उचलतो, आणि उरलेल्याला लिलावातही कोणी विचारत नाही, कारण त्याला ओढून नेणाऱ्या बाटल्या आधीच गेलेल्या असतात. दोन-तीन व्यापाऱ्यांकडून लेखी भाव घ्यावा. हा आकडा लिलावासाठीही उपयोगी पडतो, कारण राखीव किंमत यापेक्षा खाली नेण्यात अर्थ नसतो.

मी कशी वाटणी करेन

बाँडमधल्या अखंड, अलीकडच्या पेट्या एक्स्चेंजवर. एखाद-दुसरी खरोखर दुर्मीळ आणि कागद पक्के असलेली बाटली मोठ्या घराकडे, तेही त्यांनी स्वतंत्र लॉट द्यायचं कबूल केलं तरच. मधला मोठा पट्टा, म्हणजे बोर्दोची नावाजलेली शातो (वाइन बनवणारे मळे), चांगल्या उत्पादकांची बर्गंडी, बारोलो, व्हिंटेज पोर्ट, एकेक-दोनदोन बाटल्या, हे ऑनलाइन लिलावात. तळाचा साधा माल मित्रांबरोबर संपवावा. त्याचा वाहतूक खर्चच भावापेक्षा जास्त होतो.

करारावर सही करताना काही गोष्टी वाचाव्यातच. माल ऐन उन्हाळ्यात हलवला जाणार का, आणि वाटेत फुटला तर विमा कुठल्या आकड्यावर आहे, खालच्या अंदाजावर की राखीव किमतीवर. लॉट मागे घेतला तर दंड किती. न विकलेला माल परत पाठवण्याचा खर्च कोणाचा. पैसे लिलावानंतर महिनाभराने येणं नेहमीचं आहे, पण खरेदीदाराने बुडवले तर तुम्हाला देणार का, हे सगळीकडे सारखं नसतं. आणि बाटली बनावट असल्याचा दावा विक्रीनंतर किती काळ करता येतो ते कलम शोधा. ती मुदत संपेपर्यंत पावत्यांच्या मूळ प्रती कोणालाही देऊ नका, मंचाला फक्त झेरॉक्स द्या.