गुण की शेरा?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये नवा पोरगा लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, उभा राहिला, की महिनाअखेर त्याच्या पदरात दोनपैकी एक पडतं: दहापैकी आकडा, नाहीतर मेस्त्रीचे दोन शब्द.

आकडा ऑफिसच्या सोयीचा. वीस जणांतून पाच कायम करायचे तर तोच लागतो, शिवाय कन्नड-मराठीचा घोळ नाही. पण मला सहा मिळाले, तेव्हा मी फक्त शेजारच्याचे किती ते बघितलं.

शेऱ्याचं तसं नाही. मेस्त्रीनं मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं बारीक मापयंत्र, माझ्या हातात ठेवला. "थिंबल आवळतोस कशाला? रॅचेट फिरव की!" थिंबल म्हणजे त्याची फिरवायची नळी, ती जोरानं आवळल्यानं माप दोन शतांश मिलिमीटरनं कमी येत होतं; टोकाची रॅचेट दाब बेताचा ठेवते. ते तिथंच सुधारलं.

दोन्ही एकदम द्यावेत? संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८च्या शाळकरी मुलांवरच्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढं गेली. सोबत गुण येताच शेऱ्याचा फायदा गेला. म्हणून मी म्हणतो, शिकताना शेरा, निवडताना आकडा, आणि दोन्ही एकाच दिवशी नकोत.

शेराही बेतानं हवा. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांच्या १९९६च्या, अभिप्रायावरच्या अभ्यासांच्या आढाव्यात एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम बिघडलेलंच दिसलं. आमच्याकडं तर "नीट कर रे" यालाच शेरा म्हणतात.