एकट्याची थीम पार्क सहल: शिदोरीचा डबा, थर्मास आणि खाण्याचं गणित, काही महिन्यांच्या वापरानंतर

जळगाव, भुसावळ, धुळे भागातून एकट्याने थीम पार्कला जाणाऱ्यांसाठी लिहितोय. वापरलेलं सामान तीन वस्तूंचं: चार क्लिपांचा दोन मजली स्टीलचा डबा (खालचा कप्पा साधारण ७०० मिली, वरचा ३५०), अर्धा लिटरचा रुंद तोंडाचा थर्मास आणि एक लिटरची साधी स्टीलची बाटली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशाच घडणीचे डबे सगळ्या भांड्यांच्या दुकानांत मिळतात आणि गुणदोषही जवळपास सारखेच असतात.

निकाल आधी सांगतो. डबा घ्या. बाटली घ्या. थर्मास फक्त ताकासाठी हवा असेल तरच घ्या.

पार्कच्या आतलं खाणं स्वस्त करता येत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा मान्य करावी लागते. खोपोलीजवळचं इमॅजिका असो की शिर्डीचं वेट अँड जॉय वॉटर पार्क, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आतल्या स्टॉलवर एकट्याची अडचण आणखी वाढते. कॉम्बो तिघा-चौघांच्या हिशोबाने लावलेले असतात, फ्राइजची मोठी पुडी एकट्याला संपत नाही, आणि एकच वडापाव घेतला तर तासाभरात पुन्हा भूक लागते. पैसे वाचतात ते वेळापत्रकात. गेटमध्ये शिरण्याआधी बाहेर पोटभर जेवायचं, आत एकच गोष्ट विकत घ्यायची आणि बाहेर पडल्यावर उरलेली शिदोरी उघडायची. डबा याच वेळापत्रकासाठी आहे. लंच ब्रेकला आत डबा उघडायचा असा बेत असेल, तर तो गेटवरच्या तपासणीतच मोडतो.

आता डब्यात काय भरायचं. इथे खानदेशाइतकी सोय दुसरीकडे क्वचितच असेल, कारण प्रवासाचं खाणं आपल्याकडे आधीपासूनच ठरलेलं आहे. दशम्या.

एका माणसाच्या दोन जेवणांसाठी २५० ग्रॅम कणीक, उकळून गार केलेलं दूध साधारण १५० मिली, तेल एक मोठा चमचा आणि मीठ. यात सहा दशम्या होतात. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. पीठ कोरडं वाटलं तरी दूधच चमच्याचमच्याने वाढवायचं. पोळीपेक्षा जाडसर लाटायची, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंना तेल लावून भाजायची, कडा नीट दाबायच्या. कडा कच्ची राहिली की खराब व्हायला सुरुवात तिथूनच होते. गूळ घातलेली दशमी चवीला छान लागते, पण प्रवासात ती हाताला चिकटते, म्हणून मी मिठाचीच सुचवेन.

सगळ्यात जास्त बिघडतं ते भरताना. पहाटेची गाडी असते, दशमी तव्यावरून उतरते ती सरळ डब्यात जाते आणि क्लिपा लागतात. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ धरते, तिचे थेंब वरच्या दशमीवर पडतात आणि दुपारपर्यंत ती दशमी ओलसर, चिवट होते. झाकणाला असा घट्ट, हवाबंद रिंग असलेला डबा या बाबतीत साध्या डब्यापेक्षा वाईट, कारण वाफेला बाहेर जायला फटच नसते. उपाय सोपा आहे, पण वेळ मागतो. दशम्या जाळीवर किंवा दोन घड्या केलेल्या सुती कापडावर सुट्या पसरायच्या, अर्धा तास थांबायचं, हाताला अजिबात कोमट लागेनाशा झाल्या की दुमडून भरायच्या आणि वर कोरड्या सुती रुमालाची घडी ठेवायची. अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गरम गरम गुंडाळू नका, त्यातही हेच होतं.

हिवाळ्यात अशी दशमी दोन दिवस आरामात चालते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा हा हिशोब सोडून द्यायचा. पहाटे केलेली त्याच रात्रीपर्यंत संपवायची. तोडताना तार सुटल्यासारखं वाटलं किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यायची, चाखून बघायचं नाही.

भाकरीचं काय, असा प्रश्न येईल. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी घरी कितीही आवडो, या डब्यात ती सहा-सात तासांत कडक होते. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे गार झाली की ती तुटायला लागते, आणि सोबत घुटं किंवा रस्सा नसेल तर घशाखाली उतरत नाही. बट्टीचं उलटं आहे. तळलेल्या बट्टीचे तुकडे टिकतात चांगले, पण ते पोटात जड बसतात आणि पाणी फार मागतात. पार्कच्या आधी नको. परतीच्या गाडीत चालतील.

वरच्या लहान कप्प्यात कोरडं तोंडीलावणं. शेंगदाण्याची चटणी सगळ्यात भरवशाची: १०० ग्रॅम भाजलेले दाणे, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, मीठ आणि थोडं जिरं. लसूण तव्यावर कोरडी परतून घेतली तर चटणी जास्त टिकते. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणून भाजी नसली तरी पोटाला आधार राहतो. हिरव्या मिरचीचा ठेचा न्यायचा असेल तर मिरची तेलावर परतून, पाणी न घालता कुटलेला. मात्र राइड्सच्या आधी तो चमचाभरच. भरपूर तिखट खाऊन गोल फिरणाऱ्या राइडमध्ये बसलं की आंबट पाणी घशाशी येतं.

भरीत नेऊ नका. ते कितीही छान झालेलं असो, त्यात पाणी असतं, कांद्याची पात असते, आणि उन्हाळ्यात चार तासांत त्याचा रंगरूप बदलतो. शेवभाजीचा रस्सा तर रिंग नवी असतानाही एका कोपऱ्यातून पाझरतो. कोरडी शेव वेगळ्या पुडीत न्या आणि दशमी-चटणीवर भुरभुरा. कांदा कापून नेला की त्याचं पाणी सुटून सगळा डबा वास मारतो. सबंध न्यायचा आणि खाताना बुक्कीने फोडायचा. चाकू तपासणीत अडतो, म्हणून तो घरीच.

केळी हा आपला हक्काचा खुराक. रावेर-यावलकडची केळी घरात असतातच, पण पिशवीत त्यांचं वाटोळं व्हायला वेळ लागत नाही. पूर्ण पिवळं, ठिपके आलेलं केळं घेतलं तर दुपारी काळं होऊन फुटतं. देठाकडे अजून हिरवट असलेली दोन घ्यायची, देठ न मोडता जोडीनेच ठेवायची आणि डब्याच्या वर, सगळ्यात शेवटी ठेवायची. डब्याच्या शेजारी उभी कोंबली की क्लिपेची कड सालीत रुतते आणि तिथून काळा डाग पसरतो. बंद प्लास्टिकच्या पिशवीत केळी घालू नये. आत ओल धरते आणि केळ्यातून निघणारा इथिलीन वायू तिथेच कोंडून ती लवकर पिकतात.

या सगळ्याचा खर्च, घरचं तेल-तिखट धरून, साधारण साठ ते सत्तर रुपये होतो आणि त्यात दोन वेळा पोट भरतं.

आता जेवायचं कधी आणि कुठे. शिर्डी आपल्याला जवळ. धुळ्याहून मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव असा रस्ता आहे. भुसावळ-जळगावकडून रेल्वेने मनमाडला किंवा पुढे कोपरगावला उतरता येतं, आणि थेट साईनगर शिर्डीची गाडी मिळाली तर उत्तम. तिथे वॉटर पार्कशिवाय साईतीर्थ हे भक्तीवर बेतलेलं थीम पार्कही आहे. एकट्यासाठी शिर्डीचा मोठा फायदा म्हणजे साईसंस्थानचं प्रसादालय. जेवण मोफत, पोटभर, आणि पंगतीला एकट्या माणसाला जागा चटकन मिळते. कूपनची पद्धत त्या दिवशी काय आहे ते मंदिराच्या बाजूला विचारून घ्यायचं. पार्कच्या दिवशी प्रसादालय संध्याकाळसाठी ठेवावं. दुपारी पार्क सोडून तिकडे जाऊन परत यायचं म्हटलं, तर तिकिटाचे तास वाया जातात आणि त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतीलच असं नसतं. पुन्हा प्रवेशाचा नियम तिकीट काढण्याआधी खिडकीवर विचारा.

खोपोलीला जायचं असेल तर कल्याणला उतरून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल धरायची. थेट खोपोली लोकल कमी असतात, त्यामुळे वेळापत्रक आधी बघून ठेवा. पहिलं जेवण खोपोली स्टेशनवरच उरकावं. पार्कच्या गेटसमोर बसायला सावली मिळेलच असं नाही. काही निवडक स्टेशनांवर जनरल डब्यांसमोर रेल्वेचं २० रुपयांचं स्वस्त जेवण मिळतं, सात पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी आणि लोणचं. परतीला शिदोरी संपली असेल तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १० रुपयांची शिवभोजन थाळी दुपारचीच असते, म्हणून पार्कच्या दिवशी ती जमत नाही. मुक्काम करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी जवळचं केंद्र चालू आहे का ते बघावं.

पहिलं जेवण आणि पहिली मोठी राइड यांत दीड तास तरी जाऊ द्या. दोन-अडीच दशम्या, चटणी आणि एक केळं इतकंच. उपाशीपोटी जाण्याचा मोह होतो, पण उन्हात रांगेत उभं राहून रिकाम्या पोटी चक्कर येते, आणि एकटं असताना धरायला कोणी नसतं. आत गेल्यावर आधी शो आणि हळू राइड्स, मग रोलर कोस्टर.

आत विकत घ्यायची एकच गोष्ट: दुपारी तीन-साडेतीनच्या सुमाराला, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, काहीतरी भाताचं किंवा पोळी-भाजीचं. गोड थंड पेयावर पैसे घालवू नका. त्याने तासभर तरतरी येते आणि मग तहान वाढते. पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे ते आत शिरताच पहिल्या कर्मचाऱ्याला विचारा आणि बाटली रिकामीच आत न्या. रिकामी बाटली बहुतेक वेळा अडवत नाहीत. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. या मापाची पुडी घरून करून आणली तर काम भागतं. मधुमेह असेल किंवा औषधाबरोबर खावं लागत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि गेटवर आधीच दाखवा.

डबा या वेळात कुठे ठेवायचा, ही एकट्याची खरी अडचण. पिशवी सांभाळायला कोणी नसतं. गेटमध्ये शिरण्याआधीच लॉकर घ्यावा लागतो, मग तो छोट्यात छोटा घ्यावा. या डब्याचा व्यास १४-१५ सेंटीमीटर असल्याने तो लहान लॉकरमध्ये आडवा नाही, उभाच बसतो. दुकानात हे माप घेऊनच डबा निवडा. काही ठिकाणी लॉकर मध्ये उघडला की पुन्हा पैसे पडतात, म्हणून टॉवेल, पुडी, औषध आधीच काढून घ्या. गाडी घेऊन गेलात तर डबा गाडीत सोडू नका. उन्हात बंद गाडी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते आणि संध्याकाळच्या दशम्या वाया जातात.

थर्मासबद्दल थोडं. गरम वरण नेण्यासाठी तो घेतला जातो, आणि पहाटे उकळतं भरलेलं वरण अकरापर्यंत गरम राहतंही, पण दोन अटींवर. आधी दहा मिनिटं उकळतं पाणी भरून भांडं तापवायचं आणि वरण काठोकाठ भरायचं. अर्धा भरला तर फार लवकर कोमट होतो, आणि कोमट वरण पोटासाठी सगळ्यात वाईट. एवढं करूनही वजन वाढतं आणि दशमीला वरणाची गरज नसते. ताक मात्र त्यात छान राहतं: गार ताक, चार-पाच बर्फाचे खडे, जिरं-मीठ. साध्या बाटलीत ताक उन्हात आंबतं, वायू धरतं आणि झाकण उघडताना अंगावर उडतं. थर्मासमध्येही सकाळचं ताक दुपारच्या आत संपवा. थर्मास बिघडला हे ओळखायचं असेल तर आत उकळतं पाणी भरा. दहा मिनिटांत बाहेरून हाताला गरम लागला तर त्याची पोकळी गेली, तो दुरुस्त होत नाही.

काही महिन्यांत डब्याची पहिली तक्रार आली ती रिंगची. तिला लसणाचा वास बसला तो साबणाने जात नाही. रिंग काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सावलीत वाळवायची. खाचेत चटणीचा बारीक कण अडकला तरी झाकण एका बाजूने उचललं जातं आणि तेल पाझरतं. गळती दिसली की आधी खाच पुसून बघा, रिंग नंतर बदला. दुसरी तक्रार क्लिपांची. चार क्लिपा लावताना समोरासमोरच्या दोन आधी लावायच्या. एकाच बाजूच्या दोन लावल्या की झाकण तिरकं बसतं आणि उरलेल्या क्लिपांच्या पिनांवर ताण येतो, त्या तिथेच सैल होतात. घेतानाच दुकानदाराला सुटी रिंग मिळते का ते विचारा. मिळत नसेल तर तो डबा कितीही चकचकीत दिसला तरी दुसरा बघा.