चिंध्यांपासून केलेल्या धाग्याचा कुर्ता, चार महिने वापरून

खडे बाजारातल्या एका दुकानात जूनमध्ये हा कुर्ता घेतला, १४५० रुपये. टॅगवर लिहिलंय, वाया गेलेल्या सुती कापडापासून केलेला व्हिस्कोस, म्हणजे लगदा विरघळवून त्यातून नव्यानं काढलेला धागा. दुकानदार म्हणाला प्युअर कॉटन आहे ओ ताई, ते खरं नाही, खाली सांगते.

कापड मात्र सुंदर. मऊसूत, अंगावर छान पडतं, घाम शोषतं, पंधरा-सोळा वेळा धुतला तरी रंग तसाच आहे, फक्त काखेत थोडे गोळे आलेत. सुरकुत्या खूप पडतात, इस्त्री लागतेच, आणि जुलैत आपल्या बेळगावच्या पावसात दोन दिवस झाले तरी ओलाच, पाणी धरून ठेवतो फार.

आमच्या घरी वडगावात माग होते, त्यामुळे बाबांनी टॅगवर विश्वास ठेवला नाही. आतल्या शिवणीतून धागा ओढला, काडी लावली, कागदासारखा जळला आणि नुसती राख राहिली. दुसरा ओला करून ओढला तर लगेच तुटला, कोरडा असताना तुटत नव्हता. म्हणाले व्हिस्कोसच हाय बघ, कापूस ओला झाला की उलट ताकद धरतो. मग शिलाईचा दोरा जाळला तर वितळून त्याची काळी गोळी झाली. पॉलिस्टर!

मला खरं वाईट वाटलं ते याचंच. कारण चिंध्यांचा धागा होतो कसा, तर आधी बटणं, चेन, पॉलिस्टर सगळं वेगळं काढावं लागतं, मग उरलेल्या सुती कापडाचा लगदा करतात, तो कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड या रसायनांनी विरघळवतात आणि बारीक भोकांतून ॲसिडात सोडतात, तिथं परत धागा होतो. ही रीत १८९२ ची आहे, फक्त लाकडाच्या लगद्याच्या जागी चिंध्या. आज्जीच्या इरकलीतलं आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम, ते तरी काय, त्याच घराण्यातलं. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या नसांना घातक, म्हणून लायोसेल नावाच्या, लगद्यापासूनच होणाऱ्या दुसऱ्या धाग्याची पद्धत मला जास्त पटते, त्यात विरघळवायला दुसरं रसायन वापरतात आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवतात. आता एवढं सगळं करून केलेल्या कापडाला पॉलिस्टरचा दोरा घातला तर हा कुर्ता फाटल्यावर पुन्हा तीच निवडानिवड कोण करणार?

टॅगवर दुसरी खोट, चिंध्या किती टक्के ते लिहिलेलंच नाही. पुष्कळदा थोड्याच असतात, बाकी लाकूड. मागावरचं आणि शिंप्याकडचं कातरण की लोकांनी वापरून टाकलेले कपडे, तेही नाही. कातरण स्वच्छ असतं, एकाच जातीचं असतं, त्याचा लगदा करणं सोपं, जुन्या कपड्यांचं अवघड. आमच्याकडे तर मागाच्या वेस्टमध्येच पॉलिस्टर इतकं मिसळलेलं असतं की बाबा म्हणाले ह्यातलं काय विरघळणार.

तरी घ्या असंच सांगेन. स्वीडनच्या रिन्यूसेलनं २०२२ मध्ये सुंड्सवालला जुन्या सुती कपड्यांचा लगदा करायचा मोठा कारखाना काढला आणि ब्रँडवाल्यांकडून पुरेशा ऑर्डरी न आल्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळं निघालं, नंतर दुसऱ्या मालकानं सर्क्युलोज नावानं घेतला. मागणीच नसेल तर कोण करणार हे.

दिवाळीला आईसाठी एक घ्यायचाय, पण टक्के लिहिलेला आणि सुती दोऱ्यानं शिवलेला बघून. तुम्ही घेतलात तर धुताना पिळू नका, ओला असताना शिवणीपाशी उसवतो, माझा डावा खांदा तसाच गेला.