क्षेत्रकार्यासाठी पचिशीचा संच : पट उत्तम, माहितीपत्रक सदोष

मानववंशशास्त्राच्या क्षेत्रकार्यात खेळाचे नियम उतरवून घेण्यापेक्षा दान पडताना खेळणारे काय बोलतात, नशिबाला बोल लावतात की फेकणाऱ्याच्या हाताला, हे टिपणे अधिक मोलाचे असते, आणि त्यासाठी पचिशी या कवड्या फेकून खेळायच्या सोंगट्यांच्या खेळाचा हा कापडी पट व सहा कवड्यांचा संच उपयोगी आहे. पटाची शिवण पक्की आहे. सोंगट्याही बऱ्या आहेत. माहितीपत्रकाने मात्र निराशा केली. कवडी उताणी (तोंड वर) किंवा पालथी पडण्याची शक्यता समसमान धरून, सहाही पालथ्या पडल्यावर मिळणारे पंचवीसचे दान 64 फेकींत सरासरी एकदा येते, असे त्यात बिनदिक्कत छापले आहे. वास्तविक कवडीची पाठ फुगीर आणि तोंडाची बाजू चपटी असते, त्यामुळे नाण्याचा हिशेब तिला लागू पडेलच असे नाही. उताणी पडण्याचे प्रमाण 40 टक्के धरले, तर तेच दान साधारण 21 फेकींत एकदा पडते. शिवाय संचातील दोन कवड्यांच्या पाठी घासलेल्या आहेत. मुरलेला खेळाडू त्या हातात घेताच बाजूला काढील. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी 1879 मध्ये मेक्सिकोतील पतोली हा प्राचीन पटखेळ आणि पचिशी यांची तुलना केली होती, तिचा साधा उल्लेखही पत्रकात नाही. किंमत वाजवी असल्याने विद्यार्थ्यांनी संच जरूर घ्यावा, पण कवड्या बाजारातून निवडून आणाव्यात.